दुसऱ्या फेरीतले एकाहत्तर

छत्रपती संभाजीनगर
रविवार, ९ मार्च २०२५

चि. दीपमाला,

विद्यापीठाचं पाकीट काल इथल्या पत्त्यावर आलं. रजिस्टर्ड होतं. पोस्टमनच्या कागदावर सही मी केली, वेळ दुपारी बारा चाळीस. न फोडता पाठवतोय असं लिहिणार होतो, पण चिकटपट्टी बघून तुला कळेलच. फोडलं, वाचलं, पहिल्याच घड्यांवर परत घडी घालून सोबत ठेवलं आहे.

तीन पानं आहेत. आपल्या व्यवस्थापन संस्थेनं तुझ्याविरुद्ध तक्रार केली आहे की अमेरिकेच्या मानांकनासाठी पाठवलेल्या अहवालात तू विद्यार्थ्यांचे गुण बनावट तयार केलेस. जिनं इथं आकडे बनवले तिनं पीएच.डी.च्या प्रबंधातही बनवले असतील, सबब प्रबंधही तपासावा, असं शेवटच्या पानावर आहे. लेखी खुलासा ३० एप्रिलपर्यंत. सुनावणी गुरुवारी, २२ मे. आरोप सिद्ध झाला तर पदवी काढून घेण्याची शिफारस होईल. 'शिफारस' या शब्दाखालची रेघ त्यांची नाही, माझी आहे.

घाबरू नकोस. खुलाशाचा मसुदा मी करून सोबत जोडला आहे. डावीकडे सव्वा इंच समास सोडलाय, कारण तिथले लोक फाईलला भोक पाडतात आणि ओळीची पहिली अक्षरं जातात. मुद्दा चार असा आहे: 'माझ्या मूळ अहवालात अज्ञात व्यक्तीने परस्पर बदल केला.' एवढं पुरे. जास्त लिहिलं की जास्त विचारतात. तू फक्त सही कर आणि तिथूनच पोस्टात टाक.

अमरावतीत ऊन वाढलं असेल. तासिकेवर शिकवणाऱ्याला तिथं बसायला स्वतःची खुर्ची तरी देतात का, तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, तुम्हीच विचारा.

आपला शिपाई सांडू तुझी चौकशी करतो. परवा चहा ठेवताना म्हणाला, "ताई गेल्यापासून त्या मजल्यावर कुणी वाचतच नाय, साहेब. पुस्तकावरची धूळ पुसायचं माझं काम लई वाढलं." मी म्हटलं, धूळ पूस, बोलू नको.

आई बरी आहे. ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी गच्चीवर जातो. म्हणजे तुम्हाला मोकळं बोलता यावं.

अण्णा


रविवार, ६ एप्रिल २०२५

दीपमाला,

मसुदा परत मिळाला. सही नाही, चिठ्ठी नाही. फक्त 'अज्ञात व्यक्ती' या दोन शब्दांभोवती लाल पेनानं गोल. चौथीतल्या पोराची वही तपासावी तसा.

राग आला, खोटं कशाला लिहू. मी मराठी-इंग्रजीत आजवर किती मसुदे केले याची मोजदाद नाही, आणि एकाही कागदावर कुणी गोल केला नव्हता. तुला माहीत आहे मी कुठून आलो. कन्नडहून बारावी करून आलो ते शहागंजात मोईन सेठच्या टायपिंगच्या दुकानात. अकरा वर्षांत दोनशे सहा प्रबंध टाइप केले. सेठ ओरडायचे, "अरे रामकिसन, टाइप कर, पढ मत! पढने बैठा तो कल भी नई होता!" पण मी वाचायचो. इंग्रजी तिथं शिकलो, संख्याशास्त्र तिथंच शिकलो. लोकांच्या कोष्टकातल्या चुका गुपचूप दुरुस्त करायचो. त्यातले चौघं आज प्राचार्य आहेत. मला भेटले की "काय मनगटे" म्हणतात, 'साहेब' म्हणत नाहीत.

विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे मलाही बोलावं लागेल असं वाटतं, म्हणून त्यांना सांगायचं ते इथं लिहून बघतो. चूक असेल तिथं गोल कर.

व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांना बाहेरच्या देशातली मंडळं मानांकन देतात. मोठी तीन: एक लंडनचं, एक युरोपचं, एक अमेरिकेचं. तिन्ही शिक्के असलेल्या संस्था जगात शंभरात जेमतेम एक. आपल्याला लंडनचा २०२२ साली मिळाला, युरोपचा २०२३ साली. दर वेळी आधी जाडजूड अहवाल पाठवायचा, मग त्यांचे तीन-चार प्राध्यापक येऊन तीन दिवस बसतात. त्यांच्यासाठी पुराव्याची एक खोली लावायची असते, अहवालातल्या प्रत्येक वाक्याला एक फाईल. ती खोली ऑफिसातला क्लार्क म्हणून मी लावली. एकशे चाळीस फायली, दोन्ही वेळेस शंका शून्य. आपले चेअरमन तात्यासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मनगट्यांची खोली म्हणजे सारवलेलं अंगण."

अमेरिकेचं मंडळ मात्र इमारत आणि पदव्या बघून थांबत नाही. ते विचारतं, मुलं शिकली हे तुम्हाला कशावरून कळलं? मोजा. कमी पडलं तर शिकवणं बदला. पुन्हा मोजा. हे काम डायरेक्टर श्रीधर सरांनी तुला दिलं. एकशे वीस मुलं, एक अवघड प्रकरण देऊन निर्णय लिहायला लावायचा, दोन परीक्षक, वीसपैकी बारा गुण म्हणजे जमलं. डिसेंबर २०२३ ला पहिली फेरी: सत्तेचाळीस जणांना जमलं. तू शिकवायची पद्धत बदललीस. सप्टेंबर २०२४ ला दुसरी फेरी: एकोणपन्नास. शेकडा एक्केचाळीस. खाली तू इंग्रजीत लिहिलंस की बदल लागू पडला नाही, का ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

जानेवारीत पाहुणे आले तेव्हा खोलीतल्या अहवालात एकोणपन्नासच्या जागी एकाहत्तर होते.

पुढचं तू पाहिलंस. त्या पांढऱ्या केसांच्या बाई. लंडनवाल्यांनी आणि युरोपवाल्यांनी कोष्टकं बघितली आणि मान हलवली. या बाई म्हणाल्या, मुलांचे पेपर दाखवा. सांडूनं पेटी आणली. त्यांनी मनानंच सहा पेपर उपसले, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि दीड तास वाचत बसल्या. गुण पेपरांवर एक, अहवालात दुसरे. मग त्यांनी तुला बोलावून विचारलं, हा अहवाल तुमचा का? तू म्हणालीस, "सही माझी आहे. आकडे माझे नाहीत." आणि दाराकडे बघितलंस.

दारात मी होतो. हातात फाईल क्र. ८८, तुझ्या अहवालाची.

मी काही बोललो नाही. हे समितीपुढे कसं सांगायचं त्याचं वाक्य मला अजून जमलेलं नाही. तीन वेळा लिहून खोडलं.

'अज्ञात' हा शब्द काढतो.

अण्णा


रविवार, २७ एप्रिल २०२५

दीपमाला,

आकडे मी बदलले.

त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं होतंस, "अण्णा, कुणी केलं?" आणि मी म्हणालो होतो, "मला काय विचारतेस, मी काय प्राध्यापक आहे?" तू बॅग भरायला गेलीस तेव्हा तुला कळलेलं होतं. तरी लिहून देतो. तोंडी कबुलीला पुरावा नसतो.

का केलं ते सांगतो, पण त्यानं काही हलकं होत नाही. ११ नोव्हेंबरला श्रीधर सरांनी तुझा अहवाल माझ्या टेबलावर टाकला. म्हणाले, "हे एक्केचाळीस घेऊन मी तात्यासाहेबांसमोर उभा राहू? बघा काही." एवढंच. 'बदला' असं ते म्हणाले नाहीत, तसं ते कधीच म्हणत नाहीत. तुझ्या कायम नेमणुकीचा कागद तात्यासाहेबांकडे सहीला पडून होता आणि शिक्का आल्याशिवाय तो हलणार नव्हता. हे एक कारण. दुसरं मला जास्त लाज वाटायला लावतं. माझ्या खोलीत, एकशे चाळीस फायलींत, एका फायलीवर 'लागू पडला नाही' असं लिहिलेलं मला बघवेना. मी बारावीला पहिल्यांदा नापास झालो तेव्हा निकालाचा कागद शाळेच्या मागं पुरला होता. त्याच हातानं हे केलं.

कसं केलं तेही सांगतो, कारण तुझी सुटका त्यात आहे.

मनानं आकडे लिहिणारा माणूस पकडला जातो. तो एकसारखे आकडे टाळतो, फार नीटस लिहितो. मी प्रबंधांत असे शंभर पाहिले. संगणकाला मागितले असते तर फाईलमध्ये खूण राहिली असती. म्हणून मी माझी एस.टी.ची तिकिटं घेतली. आजी कन्नडला अंथरुणावर होती तेव्हा दर शनिवारी जायचो. मशीनच्या तिकिटाची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून महिन्याच्या महिन्याला झेरॉक्स काढून रजिस्टरमध्ये चिकटवतो. तुम्ही मायलेकी हसायच्या. तारखेच्या क्रमानं एकशे वीस तिकिटं, एकशे वीस हजेरी क्रमांक. तिकीट नंबराचा शेवटचा अंक शून्य ते तीन असेल तर गुण तसेच ठेवायचे, चार ते सहा असेल तर एक वाढवायचा, सात ते नऊ असेल तर दोन; दोन्ही परीक्षकांच्या गुणांत सारखीच वाढ. किती जण पास व्हावेत ते मी ठरवलं नव्हतं. एकाहत्तर आले.

तुझ्या मूळ अहवालाची छापील प्रत मी ऑफिसच्या कागद कापायच्या मशीनमध्ये बारीक केली. पेनड्राइव्ह पुसला. तुझा लॅपटॉप संस्थेचा, तो त्यांनी २३ जानेवारीलाच काढून घेतला. म्हणजे पेपरांच्या पेटीबाहेर तुझे एकोणपन्नास आता जगात कुठंच नाहीत. तेही मीच केलं.

हे सगळं लिहून शुक्रवारी समितीच्या कार्यालयात हातानं दिलं, पोच घेतली. तिथून सरळ श्रीधर सरांकडे गेलो. पाठीमागून कळण्यापेक्षा समोरून सांगावं. त्यांनी वाचलं आणि हसले.

"मनगटे, तुमचं शिक्षण बारावी. हे तुम्ही केलं असं कोण मानेल?"

"मी मानायला लावतो, सर."

"आणि मानलं तर? संस्थेचे आकडे एका क्लार्कनं बनवले असं आम्ही अमेरिकेला कळवायचं? लेकीनं बनवले तेच बरं की हो. ती निदान डॉक्टर तरी आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, सहज, दार उघडताना. अमेरिकेच्या मंडळाचं पत्र आलंय. त्यात त्या बाईंनी लिहिलंय की पेपरांप्रमाणे येणारा एक्केचाळीस टक्के हा आकडा अहवालात असता तर आम्हाला काहीच अडचण नव्हती. जी संस्था आपला उपाय फसला असं सांगू शकते, तिला शिकता येतं. आम्ही तेच शोधायला आलो होतो.

तुझा अहवाल होता तसा ठेवला असता तर शिक्का मिळाला असता, दीपमाला. मी खोली लावली म्हणून गेला.

उद्या, सोमवारपासून मी निलंबित.

अण्णा


शुक्रवार, २३ मे २०२५

दीपमाला,

काल तुझं म्हणणं सकाळी ऐकून घेतलं, मला तीनला बोलावलं. तू दीडच्या गाडीनं निघालीस, म्हणून आत काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आधी व्हरांड्यातलं. चार महिन्यांनी दिसलीस. मी एवढंच विचारलं, जेवलीस का. तू म्हणालीस, "अण्णा, आता माझ्यासाठी काही खोटं करू नका." आणि गेलीस.

तुला माहीत नाही, तेव्हा माझ्या खिशात एक कागद होता. त्यावर तुझी सही एकवीस वेळा केलेली होती. चार दिवस सराव केला. शेवटच्या आठ अशा जमल्या की तूसुद्धा ओळखल्या नसत्यास. मी ठरवून आलो होतो: सहीसुद्धा माझीच असं सांगायचं. मग तुझ्यावर काहीच उरत नव्हतं.

आत तिघं. अध्यक्ष निवृत्त कुलसचिव, एक प्राध्यापक, आणि एक संख्याशास्त्राच्या बाई. संस्थेकडून श्रीधर सर.

"शिक्षण?" अध्यक्षांनी विचारलं.

"बारावी, साहेब. दुसऱ्या खेपेला."

श्रीधर सर म्हणाले, "सर, बाप आहे. लेकीसाठी माणूस खुनाचीही कबुली देईल. ह्यांना यातलं काय कळतंय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "दोन परीक्षकांच्या गुणांतला मेळ किती ठेवलात?"

"शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर, मॅडम. नव्वदच्या वर गेला असता तर तुमच्यासारख्यांना संशय आला असता."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे कुठं शिकलात?"

"दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करताना."

रजिस्टर पुढं सरकवलं. मुलांचे पेपर समितीकडे होतेच. बाईंनी पहिली वीस तिकिटं स्वतः लावून बघितली, मग म्हणाल्या सगळीच बघू. चाळीस मिनिटं त्या एकेक पेपर काढून तिकिटाशी जुळवत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "एकशे वीसच्या एकशे वीस." त्या आवाजात कौतुक होतं. मला ते ऐकू आलं आणि आवडलं. हेही लिहून ठेवतो, म्हणजे तुझा बाप कसा आहे ते तुला पुरतं कळेल.

श्रीधर सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

मग अध्यक्षांनी अहवालाचं पहिलं पान वर धरलं. "आकडे तुमचे. मान्य. १४ नोव्हेंबर २०२४ ची ही सही कुणाची?"

माझा हात खिशावर होता.

"सही तिचीच," मी म्हणालो.

"आकडे बघून केली?"

"न बघता. त्या दिवशी मी तिच्यापुढं एकूण चाळीस पानं ठेवली. तिनं एकही वाचलं नाही. फाईल माझ्या हातची असली की ती वाचत नाही. पहिलीपासूनचे तिचे सगळे फॉर्म मीच भरलेत, साहेब."

"म्हणजे डॉक्टरेट असलेल्या प्राध्यापिकेनं न वाचता सही केली, असं तुम्ही सांगताय?"

"हो."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या पेनाचा आवाज येत होता. मला त्याच क्षणी कळलं की मी तुला अर्धंच सोडवलं.

तो कागद संडासात फाडून टाकला. तू सांगितलंस म्हणून खरं बोललो. बरं केलं का, ते मला माहीत नाही.

अण्णा


शनिवार, १२ जुलै २०२५

दीपमाला,

४ जुलैचा आदेश तुलाही मिळाला आहे. तरी माझ्या प्रतीप्रमाणे लिहितो. बनावट आकडे केल्याचा आरोप सिद्ध होत नाही. प्रबंधाची तपासणी रद्द. पदवी कायम. मात्र अहवाल न वाचता त्यावर सही केल्याबद्दल तुला तीन वर्षं परीक्षेचं, मूल्यमापनाचं वा संशोधन मार्गदर्शनाचं काम देता येणार नाही. प्रत माहितीसाठी सध्याच्या महाविद्यालयास.

त्या शेवटच्या ओळीनं काय केलं ते आईकडून कळलं. अमरावतीच्या लोकांनी नवीन सत्राला तुला बोलावलं नाही. जिला पेपर तपासता येत नाहीत तिला तासिका कशी द्यायची, असं म्हणाले. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. नियम मला पाठ आहेत, त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

खिशातला कागद बाहेर काढला असता तर मी आज कोर्टाच्या खेपा घातल्या असत्या आणि तू वर्गात असतीस. रोज सकाळी दाढी करताना एवढी एकच बेरीज करतो. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

संस्थेनं मला ३० जूनला काढून टाकलं. श्रीधर सर आहेत. अमेरिकेकडे नव्यानं अर्ज चाललाय, त्यासाठी पुण्याहून एक एजन्सी आणली आहे. सांडू येऊन सांगून गेला. "खोली तुमच्यासारखी नाय लावत ती पोरं, साहेब. पेटी तर पार जिन्याखाली टाकली." मी विचारलं, कुठली पेटी. म्हणाला, "पेपरची. ताईच्या पोरायच्या. समितीकडून परत आली ती." ते पेपर सांभाळ, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि चहा घे म्हणालो. आता माझा त्यावर काय हक्क.

मी परत शहागंजात टायपिंगला जातो. मोईन सेठ गेले, त्यांचा मुलगा बसतो. प्रबंध आता पोरं स्वतःच करतात. अर्ज, प्रतिज्ञापत्रं येतात.

गुरुवारी आईच्या फोनवर तुझा निरोप आला. तिनं चष्मा शोधला, मग फोन माझ्याच हातात दिला. "वाचा. तुमच्याचसाठी आहे वाटतं." जानेवारीनंतर तू लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचत होतो. निरोप माझ्या नावे नव्हता, आईच्या नावे होता. मजकूर असा:

'आदेश, पान २, ओळ ११. माझ्या सहीची तारीख १४ नोव्हेंबर २०२३ लिहिली आहे. तेव्हा पहिली फेरीसुद्धा झाली नव्हती. अण्णांना विचार, बघितलं का.'

मी आदेश काढला. पान दोन, ओळ अकरा. २०२३ च आहे. ज्या सहीवर सगळी शिक्षा उभी आहे, त्या सहीची तारीखच चुकलेली. अपिलाची मुदत तीस दिवस, म्हणजे ३ ऑगस्ट, रविवार. शुक्रवारी पहिल्या तारखेलाच दिलेलं बरं. अपील करायचं का, आणि असल्या चुकीवर ते टिकेल का, ते तू ठरव. लिहायचं झालं तर तूच लिही.

बघितलं का, असं विचारलंस. आदेश मी चार वेळा वाचला होता. पट्टी ठेवून, एकेक ओळ. चारही वेळा तुझ्या नावापाशी थांबत होतो आणि पुढच्या ओळी नुसत्या डोळ्यांखालून जात होत्या.

मला ती चूक दिसली नव्हती, दीपा.

अण्णा